विभागाविभागांतलं भांडण मिटवायचं कसं: कारखान्यात नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

शिफ्ट इन्चार्ज, सुपरवायझर किंवा सेक्शन इंजिनिअर म्हणून नवी जबाबदारी अंगावर आली की मशीनबद्दल शिकवणारे बरेच भेटतात. पण प्रॉडक्शनवाले आणि मेंटेनन्सवाले बंद मशीनसमोर उभे राहून एकमेकांवर खापर फोडत असतील तेव्हा काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. "तुम्ही बघा जरा," एवढं म्हणून साहेब मीटिंगला निघून जातात.

कारखान्यातली बहुतेक भांडणं दोन विभागांच्या मधल्या जागेत होतात. मशीन दुरुस्तीसाठी सोपवलं आणि परत घेतलं, माल तपासणीला गेला आणि पास होऊन आला, प्लॅन निघाला आणि बदलला, स्टोअरमधून सुटा भाग मागितला आणि मिळाला, अशा हातबदलाच्या क्षणी काहीतरी ठरवायचं किंवा लिहायचं राहून गेलेलं असतं. माणसं बदलली, बदल्या झाल्या, तरी भांडण मात्र तेच चालू राहतं, यावरून ते ओळखता येतं. हातबदलाची ती जागा शोधायची आणि तिथला नियम कागदावर आणायचा, एवढ्यासाठी खालच्या पायऱ्या आहेत.

हाताशी काय हवं

बोलणी सुरू करण्याआधी हे कागद जमवा. कुणाकडे मागताना "चौकशी आहे" असा सूर लागू देऊ नका. नाहीतर लॉगबुक "सापडत नाही".

- ब्रेकडाउन स्लिप आणि मेंटेनन्सचं लॉगबुक
- तासवारी उत्पादनाचा तक्ता, म्हणजे शिफ्टची नुसती बेरीज चालणार नाही
- रिजेक्शन आणि रिवर्कचं रजिस्टर
- ड्रॉइंगची चालू रिव्हिजन आणि कंट्रोल प्लॅन
- वादातल्या गेजचा किंवा मायक्रोमीटरचा कॅलिब्रेशनचा दाखला
- प्लॅनची मूळ प्रत आणि नंतर बदललेल्या सगळ्या प्रती, वेळेसकट
- स्टोअरच्या इश्यू स्लिपा
- शिफ्ट हँडओव्हरची वही

याशिवाय एक मोठा कोरा कागद आणि पेन. संगणकात भरलेल्या वेळांवर आंधळा विश्वास ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी सगळ्या नोंदी शिफ्ट संपताना एकदम भरल्या जातात, त्यामुळे तिथली वेळ घटनेची नसून टायपिंगची असते.

१. आधी माल आणि माणसं सुरक्षित करा

कोण बरोबर हा प्रश्न तासभर थांबू शकतो. संशयित माल मात्र थांबत नाही, तो पुढच्या ऑपरेशनला निघून जातो.

क्वालिटीने नग नापास केला आणि प्रॉडक्शन म्हणतंय की बरोबर आहे, तर वाद मिटेपर्यंत माल होल्डवर. किती माल? शेवटची तपासणी जिथे पास झाली तिथपासून पुढचा सगळा. दर दोन तासांनी तपासणी होत असेल, १० वाजता नग ठीक होता आणि १२ ला नापास झाला, तर १० नंतरचा प्रत्येक नग संशयित. "शेवटचे पाच-दहा बघून सोडू" असा आग्रह होतो. तो मानू नका. टूल १०:१५ ला तुटलं की ११:५० ला, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं.

टॅगवर पार्ट नंबर, नगसंख्या, तारीख, शिफ्ट, होल्डचं कारण आणि होल्ड करणाऱ्याचं नाव लिहा. नगसंख्या नसलेल्या टॅगखालचा माल रात्रीतून कमी होतो.

वाद सुरक्षेचा असेल, उदाहरणार्थ गार्ड काढून मशीन चालवायचं की नाही, तर त्यावर बोलणी करायची नसतात. मशीन बंद. दुरुस्तीसाठी लावलेलं कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं, मग प्लॅन कितीही मागे पडलेला असो.

२. भांडण कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

लोक काय वाक्यं बोलतात ते नीट ऐका. "तुमचा आकडाच चुकीचा आहे" हे वाक्य आलं की वाद मोजणीचा किंवा व्याख्येचा. "हे आमचं काम नाही" म्हणजे हद्दीचा. "आमचं टार्गेट कोण भरून देणार?" म्हणजे दोन विभागांची उद्दिष्टंच एकमेकांना छेद देताहेत. चौथं वाक्य "तो माणूसच तसला आहे". हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात कमी वेळा खरं असतं. ते ऐकलं की पहिल्या तीनपैकी काय दडलंय ते पुन्हा तपासा.

जात ओळखणं महत्त्वाचं, कारण प्रत्येकीचा उपाय निराळा. मोजणीच्या वादात साहेबांकडे जाऊन उपयोग नाही, तिथे मोजून बघावं लागतं. उद्दिष्टांच्या वादात कितीही मोजलं तरी फरक पडत नाही, तिथे वरच्या माणसाचाच निर्णय लागतो. ही गल्लत झाली की वडाची साल पिंपळाला लावल्यासारखं होतं आणि महिनाभराने तोच वाद परत दारात येतो.

शिवीगाळ, धमकी, छळ असा प्रकार असेल तर तो विभागांचा वाद राहत नाही. तो लगेच एचआरकडे गेला पाहिजे. या पायऱ्या त्यासाठी नाहीत.

३. घड्याळ मांडा

या पायरीवर वेळ घालवा, कारण निम्मी भांडणं इथेच विरघळतात. मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढायची आणि घटना मिनिटांसकट मांडायच्या. नमुना म्हणून एका हायड्रॉलिक प्रेसचं ब्रेकडाउन घेऊ.

- ९:२० प्रेस थांबला
- ९:३५ ब्रेकडाउन स्लिप मेंटेनन्सकडे पोचली
- ९:५० फिटर मशीनपाशी आला
- १०:०५ निदान झालं: सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलवर चालणारी तेलाची झडप) गेला
- १०:४० स्टोअरमधून नवा व्हॉल्व्ह हातात पडला
- ११:०० व्हॉल्व्ह बदलून प्रेस प्रॉडक्शनकडे सोपवला
- ११:२५ सेटिंग होऊन पहिला नग क्वालिटीने पास केला

प्रॉडक्शन म्हणतं, "मशीन १२५ मिनिटं बंद होतं." मेंटेनन्स म्हणतं, "आम्ही ७० मिनिटांत दिलं." दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात आणि दोघंही खरं बोलत असतात. प्रॉडक्शनचं घड्याळ मशीन थांबल्यापासून पहिल्या चांगल्या नगापर्यंत चालतं. मेंटेनन्सचं घड्याळ फिटर पोचल्यापासून मशीन सोपवेपर्यंत.

आता १२५ मिनिटांची फोड करा. स्लिप पोचायला १५, फिटर यायला १५, निदानाला १५, व्हॉल्व्हची वाट बघण्यात ३५, बदलायला २०, सेटिंग आणि पहिल्या नगाच्या मंजुरीला २५. प्रत्यक्ष पाना हातात होता तो वेळ निदान आणि बदल मिळून ३५ मिनिटं. आणि तेवढीच ३५ मिनिटं स्टोअरच्या खिडकीशी गेली, कारण इश्यू स्लिपवर सही करणारा अधिकारी मीटिंगमध्ये होता. ज्यांचं भांडण चाललंय त्या दोघांपैकी कुणीच या तुकड्याचा मालक नाही, आणि ज्याचा आहे त्याला बोलावलेलंच नाही.

हा कागद दोन्ही बाजूंना एकत्र बसवून भरायचा. तुम्ही एकट्याने भरून आणलात तर तो तुमचा कागद होतो आणि मग वाद त्या कागदावर सुरू होतो. एखादी वेळ पटली नाही तर दोन्ही वेळा लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि पुढच्या ओळीकडे चला.

४. मशीनपाशी जाऊन बोला

मीटिंग रूममध्ये प्रत्येक जण आपल्या विभागाचा वकील होतो. मशीनपाशी हात दाखवून बोलावं लागतं, त्यामुळे भाषणं आपोआप आटोपतात. प्रत्येक विभागाचे दोघे बोलवा: एक काम करणारा, म्हणजे ऑपरेटर, फिटर किंवा इन्स्पेक्टर, आणि एक त्याचा सुपरवायझर. दोन्ही विभागप्रमुख (एचओडी) पहिल्याच फेरीत समोरासमोर आले की माघार घेणं कुणालाच परवडत नाही. त्यांना नंतर आणा.

वेळ २० मिनिटं, उभ्या उभ्या. शिफ्ट बदलायच्या वेळी बोलावू नका. एकाचं लक्ष घराकडे आणि दुसऱ्याला आधी काय झालं हेच माहीत नाही. महिनाअखेरच्या दोन-तीन दिवसांतही नको. तेव्हा डिस्पॅचच्या गाड्या दारात उभ्या असतात आणि जो तो "होऊ द्या, नंतर बघू" या मनःस्थितीत असतो.

प्रश्न "का" ने सुरू करू नका. "तुम्ही स्लिप उशिरा का दिलीत?" यावर बचावच येणार. "मशीन थांबल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत?" असं विचारलं की कळतं, स्लिपचं पुस्तक सुपरवायझरच्या कपाटात होतं आणि कपाटाची चावी त्याच्या खिशात.

वाद मापाचा असेल तर

प्रॉडक्शन आणि क्वालिटीचा हा रोजचा झगडा आहे, म्हणून थोडं सविस्तर. शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स (मापातली मान्य तफावत) एच-७, म्हणजे २५.००० ते २४.९७९. एकूण जागा फक्त २१ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑपरेटर मशीनवरून नग काढतो, लगेच मायक्रोमीटर लावतो, २४.९८१ वाचतो आणि खूश होतो. तोच नग क्वालिटीच्या खोलीत २४.९७५ भरतो. रिजेक्ट!

मायक्रोमीटर दोन्ही चांगले असू शकतात. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. मशीनवरून उतरलेला नग ४० अंशांवर आणि मोजमापाची खोली प्रमाण मानल्या जाणाऱ्या २० अंशांवर असेल, तर २५ मिमीच्या व्यासात जवळपास ६ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे २१ पैकी पाव हिश्शाहून जास्त टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्लं. इथे कुणाचीही नियत तपासण्याची गरज नाही. नग किती वेळ थंड करून मोजायचा हे लिहून टाकलं की पुरे.

म्हणून मापाच्या वादात क्रम असा ठेवा:

- तोच नग, पेनने खूण केलेल्या त्याच जागी, दोघांनीही मोजायचा
- आधी प्रत्येकाने आपापल्या उपकरणाने, मग उपकरणं बदलून
- नग आणि उपकरण दोन्ही खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा एकदा
- ड्रॉइंगची रिव्हिजन दोघांकडे एकच आहे ना, हे बघायचं

शेवटचं कलम हास्यास्पद वाटेल, पण मशीनला चिकटवलेलं तेलकट ड्रॉइंग जुन्या रिव्हिजनचं निघणं ही फार जुनी गोष्ट आहे. सेंटरलेस ग्राइंडिंगच्या नगांमध्ये आणखी एक गोम असते. नग तीन कोपऱ्यांचा गोल झालेला असेल तर दोन टोकांत धरणारा मायक्रोमीटर सगळीकडे सारखंच माप दाखवतो आणि रिंग गेजमध्ये (माप तपासायच्या कड्यात) मात्र नग जात नाही. असा नग व्ही-ब्लॉकवर डायल लावून फिरवून बघा.

तरीही आकडे जुळले नाहीत तर मोजमाप पद्धतीचाच अभ्यास करून घ्या: १० नग, ३ माणसं, प्रत्येकाने ३ वेळा, एकूण ९० वाचनं. मोजमापातला फरक १० टक्क्यांच्या आत आला तर पद्धत चांगली, १० ते ३० मध्ये वापर बघून ठरवायचं, ३० च्या वर गेला तर त्या पद्धतीवरून माल नापासही करू नका आणि पासही करू नका. आधी पद्धत सुधारा.

५. कारण विभागाची भिंत ओलांडेपर्यंत विचारा

"का" हा प्रश्न माणसाला विचारू नका असं वर म्हटलं, तो घटनेला मात्र पुन्हा पुन्हा विचारायचा. पुन्हा त्याच प्रेसकडे जाऊ.

व्हॉल्व्ह का गेला? कॉइल जळाली. का जळाली? स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला सरकणारा दांडा, अडकला. एसी कॉइलचा प्लंजर पूर्ण आत बसला नाही तर ती जादा करंट ओढत राहते आणि जळते. स्पूल का अडकला? तेलात घाण होती. घाण का? फिल्टर बदललेला नव्हता. का नव्हता? प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स दोनदा पुढे ढकललं. का ढकललं? प्रॉडक्शनने मशीन सोडलं नाही. का सोडलं नाही? त्या दिवसांच्या प्लॅनमध्ये मशीन पूर्ण वेळ भरलेलं होतं. आणि तसं का? पीपीसी, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणारं खातं, प्लॅन बनवतं तेव्हा मेंटेनन्सच्या तारखा त्यांच्यासमोर नसतात.

मेंटेनन्सपाशी थांबलो असतो तर "फिल्टर वेळेवर बदला" अशी तंबी देऊन घरी गेलो असतो. प्रॉडक्शनपाशी थांबलो असतो तर "सहकार्य करा". पाणी मुरतंय ते पीपीसीच्या टेबलाशी, आणि उपाय एका तक्त्याचा आहे.

साखळी "ऑपरेटरची चूक", "हलगर्जीपणा" किंवा "लक्ष दिलं नाही" या शब्दांपाशी संपली तर समजा, ती अर्धवट आहे. गैरहजर माणसापाशी संपली तर आणखीच संशय घ्या. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या मीटिंगला नसतो, त्यामुळे अर्ध्या कारखान्यांमध्ये सगळ्या चुका रात्रीच होतात!

६. टार्गेटं शेजारी शेजारी ठेवून बघा

प्रॉडक्शनला नगांवर जोखलं जातं, क्वालिटीला ग्राहकाच्या तक्रारींवर, परचेसला खरेदीच्या दरावर, स्टोअरला पडून असलेल्या साठ्यावर. प्रत्येक जण आपलं काम चोख करतो आणि त्यातूनच भांडण जन्माला येतं. अशा ठिकाणी "एकमेकांना समजून घ्या" हा सल्ला फुकट आहे. ज्याची पगारवाढ साठा कमी ठेवण्यावर ठरते तो तुमच्यासाठी जादा व्हॉल्व्ह शेल्फवर ठेवणार नाही.

इथे दोघांना लागू पडेल असा एक आकडा काढावा लागतो. परचेसने २० टक्के स्वस्त इन्सर्ट, म्हणजे कटिंग टूलला बसवायची बदलती पाती, आणले. जुन्या इन्सर्टच्या एका धारेवर २०० नग निघत होते, नव्याच्या धारेवर १२० निघतात. जुन्या धारेचा दर १०० धरला तर नगामागे ०.५० पडत होते. नव्याचा ८० भागिले १२०, म्हणजे ०.६७. दर पाचव्या हिश्शाने उतरला आणि नगामागचा खर्च तिसऱ्या हिश्शाने चढला. शिवाय १२०० नगांना पूर्वी ६ धारा लागायच्या, आता १० लागतात. एका बदलाला ८ मिनिटं धरली तर ३२ मिनिटं मशीन जास्त बंद. हा हिशेब अर्ध्या पानावर मावतो. "परचेसवाले भंगार आणतात" या वाक्याने जे वर्षभरात होत नाही ते या अर्ध्या पानाने एका बैठकीत होतं.

ओईईचा (उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता मिळून निघणाऱ्या मशीनच्या एकूण कार्यक्षमतेचा) आकडा घेऊन भांडत असाल तर आधी बघा की डाय (साचा) किंवा सेटिंग बदलण्याचा वेळ कुठे धरलाय. तो उपलब्धतेच्या तोट्यात मोजायचा असतो. एका लाईनने तो वगळायचा आणि दुसरीने धरायचा, मग दोन्ही लाईनींची तुलना करून कुणाला तरी झापायचं, हा प्रकार सर्रास चालतो.

७. तडजोड करण्याआधी तिसरा मार्ग शोधा

व्यवस्थापनशास्त्राच्या अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ साली संघर्षाविषयीच्या व्याख्यानात तीन वाटा सांगितल्या होत्या: एकाने दुसऱ्याला दाबणं, दोघांनी थोडं थोडं सोडणं, आणि दोघांच्या खऱ्या गरजा भागतील असा नवा मेळ घालणं. कारखान्यात दुसरी वाट सगळ्यात सोयीची वाटते आणि तीच बऱ्याचदा महाग पडते.

मेंटेनन्सला प्रेस चार तास हवाय. प्रॉडक्शन म्हणतं शून्य. साहेब दोन तासांवर सौदा तोडतात. दोन तासांत काम अर्धवट होतं, प्लॅनही चुकतो आणि पुढच्या आठवड्यात प्रेस बंद पडतो.

त्याऐवजी मेंटेनन्सच्या यादीतलं प्रत्येक काम वेगळं काढा. समजा यादीत १४ कामं आहेत. त्यातली ९ मशीन चालू असताना, गार्डच्या बाहेरून होतात: तेलाची पातळी, गळती, प्रेशर गेजचं वाचन, पॅनेलच्या पंख्याची जाळी वगैरे. उरलेल्या ५ ना मशीन बंदच लागतं आणि त्यांना ७० मिनिटं पुरतात. डाय बदलायला दर वेळी ९० मिनिटं जातातच. ती ५ कामं त्याच ९० मिनिटांत बसवा. एक खबरदारी मात्र घ्यायची: डाय बदलणारे आणि मेंटेनन्सवाले एकाच वेळी प्रेसवर काम करणार असतील तर प्रत्येकाचं स्वतंत्र कुलूप लागलं पाहिजे, आणि मशीन हलवून बघायचं असेल तर आधी सगळे बाहेर. एकाला डाय सेट करायला स्लाइड हलवावीच लागत असेल तर तेवढ्या वेळात दुसऱ्याचं काम थांबणार, हे ७० मिनिटांच्या हिशेबात आधीच धरा.

तिसरा मार्ग सापडण्यासाठी मागणी आणि गरज वेगळी करावी लागते. "चार तास" ही मागणी होती. पाच कामं पूर्ण होणं ही गरज.

८. एका पानावर लिहा

तोंडी ठरलेलं पुढच्या शिफ्टपर्यंतही टिकत नाही. पण दहा पानी प्रोसिजरही कुणी वाचत नाही, ते नुसते कागदी घोडे. एकच पान, आणि प्रत्येक ओळीत चार गोष्टी: काय घडलं की, कुणी, किती वेळात, काय करायचं. पाचवी गोष्ट, तसं झालं नाही तर पुढे कुणाला कळवायचं.

"दोन्ही विभागांनी समन्वय वाढवावा" ही ओळ दिसली की खोडा. वरच्या प्रेससाठी खऱ्या ओळी अशा होतील:

- मशीन थांबल्यापासून ५ मिनिटांत ऑपरेटर स्वतः स्लिप लिहील. स्लिपचं पुस्तक मशीनपाशी टांगलेलं राहील.
- स्लिप मिळाल्यापासून १० मिनिटांत फिटर येईल. नाही आला तर ऑपरेटर शिफ्ट इन्चार्जला कळवेल.
- ठरलेल्या यादीतले सुटे भाग ब्रेकडाउनच्या वेळी शिफ्ट इन्चार्जच्या सहीवर मिळतील. स्टोअरच्या अधिकाऱ्याची सही दुसऱ्या दिवशी.
- बंद वेळ म्हणजे मशीन थांबल्यापासून पहिला नग पास होईपर्यंत. अहवालात त्याचे वाट पाहणं, दुरुस्ती आणि सेटिंग असे तीन तुकडे वेगळे दिसतील.
- मेंटेनन्स आपल्या तारखा प्लॅन निघण्याआधी पीपीसीला देईल. पीपीसी त्या प्लॅनमध्ये दाखवेल.
- ३० मिनिटांत निदान झालं नाही तर मेंटेनन्स इंजिनिअर, ६० मिनिटांनंतर दोन्ही एचओडी.

मिनिटं तुमच्या कारखान्याच्या पसाऱ्यानुसार ठरवा. फिटरला नुसतं चालत यायलाच आठ मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटांत येण्याचा नियम पहिल्याच दिवशी मोडेल, आणि एक ओळ मोडली की अख्खं पान रद्दी होतं.

नापास माल सोडण्याच्या अधिकाराची ओळ विसरू नका. आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ८.७ प्रमाणे नापास मालाचं काय केलं आणि तो निर्णय कोणत्या अधिकाऱ्याने घेतला, याची नोंद ठेवावी लागते. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये मंजूर अटींपेक्षा वेगळा माल पाठवण्याआधी ग्राहकाची परवानगी लागते. त्यामुळे प्रॉडक्शन आणि क्वालिटी यांनी आपसात समेट केला म्हणून माल सुटत नाही. दोन विभागांत गोडी झाली आणि ग्राहकाला अंधारात ठेवलं, तर तो समेट नाही.

सह्या कुणाच्या? ज्यांनी वागायचं त्यांच्या, तिन्ही शिफ्टच्या. एचओडींच्या सह्या त्याखाली.

९. पाठपुरावा

पहिला आठवडा रोज पाच मिनिटं, मग आठवड्यातून एकदा, चार आठवडे. एकच आकडा बघा: बंद वेळेतला "वाट पाहणं" हा तुकडा. लोक किती गोड बोलताहेत यावर जाऊ नका, तो तुकडा घटतोय का ते बघा. वरच्या उदाहरणात तो ६५ मिनिटं होता: स्लिपची १५, फिटरची १५ आणि स्टोअरची ३५.

या काळात तीन गोष्टी हमखास बिघडतात. मोबाइलच्या ग्रुपवर बंद मशीनचे फोटो पडायला लागतात, खाली साहेबांना टॅग केलेलं असतं, आणि स्लिप लिहिण्याऐवजी फोटो टाकणं हीच पद्धत होऊन बसते. ग्रुपवर कळवायला हरकत नाही, पण वेळ मोजली जाणार ती स्लिपवरून, हे स्पष्ट सांगा. दुसरं, कॉपीत दहा माणसं घालून पाठवलेले ईमेल. त्याला ईमेलने उत्तर देऊ नका. उठून त्या माणसाकडे जा, बोला, आणि जे ठरलं ते दोन ओळींत फक्त त्यालाच लिहून पाठवा. तिसरं म्हणजे आकडा सुंदर दिसावा म्हणून स्लिप उशिरा लिहिणं. ब्रेकडाउनची वेळ आणि तासवारी तक्त्यातली घट जुळते का, हे अधूनमधून ताडून बघा. तक्त्यात ९ ते १० च्या तासात नग निम्मे झालेत आणि स्लिप ९:५५ ची आहे, तर गडबड आहे.

चार आठवड्यांनीही आकडा हलला नाही तर शिफ्टवारी फोड करा. दिवसा सुधारला आणि रात्री तसाच राहिला असेल, तर बहुधा सुट्या भागांच्या कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते हे पानावर लिहायचं राहिलंय. ती ओळ घाला, पानावर नवी रिव्हिजन आणि तारीख टाका, आणि मशीनवर चिकटवलेली जुनी प्रत स्वतःच्या हाताने काढून घ्या.